पलटीचं कपलिंग बसत नाही, गळतं किंवा निसटतं : हातोडा उचलायच्या आधी बघायच्या गोष्टी

एप्रिल उजाडला की आमच्या दुकानासमोर पलट्या, म्हणजे हायड्रोलिकवर पलटणारे नांगर, उभ्या राहायला लागतात. करमाळ्याच्या बाजूला आमचं हायड्रोलिकचे पाईप प्रेस करून द्यायचं दुकान आहे. ऊस तुटून गेलेलं रान असो की तुरीचं, पावसाच्या आत नांगरट उरकायची घाई सगळ्यांनाच. त्यात पलटीचं कपलिंग अडलं की माणूस पाईप खांद्यावर टाकून येतो, काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "कपलिंग खराब निघालं, नवीन द्या." मी आधी नराचं, म्हणजे पाईपाच्या टोकाच्या तुकड्याचं, तोंड बघतो. दहातल्या सहा-सात वेळा तोंड ठेचलेलं आणि मधली पिन वाकडी असते. म्हणजे हातोडा पडून गेलाय. हातोडा पडेपर्यंत ते कपलिंग धड होतं, आत फक्त प्रेशर कोंडलेलं होतं.

हे सगळं मी अर्ध्या इंची क्विक कपलिंगबद्दल लिहितोय. पलटी नांगर, डंपिंग ट्रॉली, लोडर, सगळीकडे आपल्याकडे तेच असतं. ट्रॅक्टरच्या मागे असते ती मादी, अवजाराच्या पाईपाला असतो तो नर. दोघांच्याही आत स्प्रिंगवर बसलेली एक पिन असते. सुटे असताना दोन्ही पिना पुढे येऊन तोंड बंद करतात, म्हणून तेल सांडत नाही. जोडले की पिना एकमेकींना मागे ढकलतात आणि वाट मोकळी होते. मादीच्या बाहेरची सरकती कॉलर आतले छर्रे दाबून धरते आणि ते छर्रे नराच्या खाचेत बसून त्याला निसटू देत नाहीत. एवढं डोक्यात असलं की पुढचं आपोआप कळतं.

तुमचं नेमकं काय होतंय?

- नर मादीत जातच नाही. जोर लावला तरी दगडासारखा अडतो.
- नर बसतो, पण पलटी हलत नाही. किंवा अर्ध्यात उभी राहते.
- पलटी एका बाजूला पलटते, दुसऱ्या बाजूला नाही. ट्रॉली असेल तर वर जाते आणि खाली येत नाही.
- जोडलेलं असताना गळतं.
- सोडून ठेवल्यावर नराच्या किंवा मादीच्या तोंडातून थेंब-थेंब पडतं.
- काम चालू असताना, बहुतेक वळणावर, आपोआप निसटतं.
- कपलिंग हात लावू देत नाही इतकं तापतं.

आपलं लक्षण यातलं कोणतं ते आधी ठरवा. "हायड्रोलिक चालत नाही" एवढंच फोनवर सांगितलं तर मी तरी काय सांगणार? बसत नाही, चालत नाही आणि गळतं ही तीन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं, फुकटातलं : प्रेशर सोडा

नर आत जात नसेल तर शंभरातल्या नव्वद वेळा इथेच काम होतं, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

अवजार जमिनीवर टेकवा. ट्रॅक्टर बंद करा. मग हायड्रोलिकचा लिव्हर, म्हणजे मागच्या कपलिंगचा, लिफ्टचा नव्हे, दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा पूर्ण हलवा. मादीमागे कोंडलेलं तेल टाकीत परत जातं आणि पिन मोकळी होते. काही नव्या ट्रॅक्टरांत हा व्हॉल्व्ह विजेवर चालतो, तिथे इंजिन बंद पण चावी ऑन ठेवावी लागते. तुमच्या ट्रॅक्टरचं पुस्तक बघा. पुस्तक कुठे आहे ते घरच्यांना विचारा, बहुतेक ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटावर असतं.

ही झाली ट्रॅक्टरकडची बाजू. खरी अडचण नराकडची. काल संध्याकाळी पलटी सोडताना इंजिन चालू होतं, लिव्हर मध्येच होता, तसाच पाईप ओढून काढला. जॅकपासून, म्हणजे तेलाने दांडा पुढे-मागे करणाऱ्या सिलिंडरपासून, नरापर्यंत तेल कोंडून राहिलं. आज दुपारी पलटी बांधावर उन्हात, पारा बेचाळीसवर, पाईप काळा. हायड्रोलिक तेल दहा अंशांनी तापलं की साधारण ०.७ टक्का फुगतं. लिटरमागे सात मिली, म्हणजे चहाचे दीड-दोन चमचे. पण त्या सात मिलीला जायला जागाच नसते, म्हणून प्रेशर चढत जातं आणि पिन आतून अशी दाबली जाते की हाताने हलणं शक्य नाही. हातोड्याने हलेल, पण मग पिन वाकेल, तिच्यावरचं रबर फाटेल, आणि ते कपलिंग पुढे आयुष्यभर गळत राहील.

मग करायचं काय? आधी पाईप सावलीत घ्या, नाहीतर ओलं गोणपाट टाकून अर्धा तास थांबा. सकाळी सात वाजता जे कपलिंग बोटाने बसतं तेच दुपारी दोनला बसत नाही, हे मी कितीतरी जणांना दाखवलंय. थंड करूनही बसलं नाही तर नराच्या मागचा, पाईपाकडचा नट पान्ह्याने अगदी पाव आटा सैल करायचा. त्यावर जाड कापड चारपदरी गुंडाळायचं, हातात मोजे घालायचे, डोळ्यांवर चष्मा लावायचा आणि तोंड बाजूला ठेवायचं. फुस्स होऊन चमचाभर तेल येईल. आवाज थांबला की नट परत आवळा. हे फक्त पलटी पूर्ण जमिनीवर बसलेली असेल आणि जॅकवर कसलंही वजन नसेल तरच करायचं. ट्रॉली वर उचललेली आहे, पलटी लिफ्टवर टांगलेली आहे, अशा वेळी नटाला हात लावायचा नाही. त्या तेलानेच ते वजन धरलेलं असतं.

काही जण नराची पिन रिमवर दाबून तेल सोडतात, काही जण छन्नी लावून ठोकतात. तेलाची पिचकारी सरळ तोंडावर येते. ती का धोक्याची ते शेवटी सांगतो.

एक सवय लावून घ्या : संध्याकाळी सोडताना अवजार टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर हलवा, मग कपलिंग काढा. तेवढं केलं तर सकाळची अर्धी भांडणं मिटतात.

दुसरं, तेही फुकट : पुसा

काळ्या रानातली धूळ तेलाला चिकटली की शिरा होतो. कॉलरखाली तो शिरा बसला की कॉलर पूर्ण पुढे येत नाही, छर्रे अर्धेच दाबले जातात. तोंडात बसला तर रबर कापतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जोडताना तो शिरा तेलाबरोबर आत जातो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स आणि हायड्रोलिकचं तेल एकच असतं. कपलिंगच्या तोंडावरची चिमूटभर माती उद्या पंपात आणि परवा गिअरमध्ये.

स्वच्छ डिझेलमध्ये बुडवलेला ब्रश घ्या, जुना दात घासायचा चालेल. दोन्ही तोंडं, नराची खाच आणि कॉलरची फट धुवा. सुती कापडाने पुसा. गॅरेजमधला कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे दोरे पिनेखाली अडकतात आणि मग तुम्हाला 'सोडल्यावर गळतं' हे नवं दुखणं मिळतं. पेट्रोल आणि थिनरही नको, रबर फुगतं. धुऊन झालं की कॉलरवर थेंबभर हायड्रोलिक तेल टाका आणि चार-पाच वेळा मागेपुढे करा. सोडली की ती टक्कन स्वतःहून पुढे आली पाहिजे. रेंगाळली तर आतली स्प्रिंग गंजलीय किंवा अजून माती आहे.

डस्ट कॅप म्हणजे ती लाल-निळी टोपणं. नव्या ट्रॅक्टरला असतात आणि पहिल्या हंगामात हरवतात. तोपर्यंत स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांधली तरी चालेल. चिंधी कोंबू नका.

तिसरं : पूर्ण बसलंय का?

चालत नाही, एकाच बाजूला चालतं, तापतं, या तिन्ही तक्रारींत हे बघायचं.

नर आत गेला आणि 'टक' आवाज आला तरी तो पूर्ण बसला असं धरू नका. बसवल्यावर पाईप धरून मागे ओढा. सुटला तर बसला नव्हता. मादीची कॉलर दुसऱ्या मोकळ्या मादीच्या कॉलरशी ताडून बघा, दोन्ही सारख्याच पुढे यायला हव्यात. जोडीतलं एक कपलिंग तीन-चार मिलिमीटर बाहेर असलं तरी पिना अर्ध्याच उघडतात.

अर्धी उघडलेली पिन काय करते? तेल ट्रॅक्टरकडून जॅककडे जाताना नराची पिन मागे ढकलतं, म्हणजे उघडतं. तेच तेल परत येताना ती पिन पुढे ढकलतं, म्हणजे बंद करतं. मादीची पिन तिला नीट रोखून धरत नसेल तर तेल जातं पण येत नाही. ट्रॉली वर गेली आणि खाली येईना, पलटी डावीकडे गेली आणि उजवीकडे येईना, याचं कारण बहुधा हेच. माणूस मात्र लिव्हरला दोष देतो आणि जोरात दाबत बसतो.

जोरात दाबल्याने आणखी एक होतं. पलटीच्या जॅकला दोन पाईप असतात, एकातून तेल जातं आणि दुसऱ्यातून परत येतं. परतीचं कपलिंग बंद राहिलं तर दांड्याकडच्या बाजूला तेल कोंडतं आणि तिथलं प्रेशर पंपाच्याही वर चढतं, कारण दांड्यामुळे त्या बाजूला जागा कमी असते. हिशेब करून बघा : ६३ मिलिमीटरचा जॅक, ४० चा दांडा, पंपाकडून १८० बार (बार हे प्रेशरचं माप). दांड्याकडे होतात सुमारे ३०० बार. पाईप फुटतो तो इथे. आणि लोक म्हणतात, पाईप हलका दिला.

चौथं : अदलाबदल करून दोष कुठला ते पकडा

याला पैसे लागत नाहीत, फक्त दहा मिनिटं लागतात. पण लोक हेच करत नाहीत आणि नवीन मादी विकत नेतात.

पलटी एकाच बाजूला अडत असेल तर ट्रॅक्टरमागचे दोन पाईप एकमेकांच्या जागी लावा. आता लिव्हर उलटा चालेल, ते ठीकच आहे. आता बघा :

नांगराची आधीचीच बाजू अडली, तर दोष नांगराकडे. नर, पाईप किंवा जॅक.

नांगराची दुसरी बाजू अडायला लागली, म्हणजे लिव्हरची आधीचीच दिशा अडली, तर दोष ट्रॅक्टरकडे. मादी किंवा तिच्या मागचा व्हॉल्व्ह.

दोन्ही बाजूंना काहीच हलत नसेल तर शेजाऱ्याची पलटी किंवा ट्रॉली आपल्या ट्रॅक्टरला लावून बघा. ती चालली तर आपल्या अवजारात दोष. तीही चालली नाही तर पुढच्या पाच पायऱ्या वाचायची गरज नाही, सरळ 'इथे थांबा' या भागावर जा.

इथेच पाईपांना खूण करून टाका. एकाला लाल टेप, दुसऱ्याला काही नाही, तीच खूण मादीजवळ. रात्रीच्या नांगरटीत मोबाईलच्या उजेडात पाईप उलटे लागतात आणि मग सकाळी सहाला मला फोन येतो की कपलिंग बिघडलं.

पाचवं : गळतंय, पण नेमकं कुठून?

तेल पसरतं, त्यामुळे जिथे ओलं दिसतं तिथूनच गळतं असं नाही. सगळं पुसून कोरडं करा. घरातली अंगाला लावायची पावडर कपलिंगवर भुरभुरवा. ट्रॅक्टर चालू करून लिव्हर एकदा हलवा, बंद करा, मग बघा. पावडर जिथे पहिली ओली झाली तिथून गळतं. इंजिन चालू असताना बघायचंच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरा, बोट फिरवू नका.

गळण्याच्या जागा तीनच.

नर-मादीच्या मधून, जोडलेलं असताना : मादीच्या आतली ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल रिंग, गेली. सगळ्यात जास्त वेळा हीच, आणि सगळ्यात स्वस्तही हीच. दहा-वीस रुपयांचं काम.

सुटलेल्या तोंडातून : त्या तुकड्याची पिन नीट बसत नाही. एखादा मातीचा कण असेल तर पिन स्वच्छ लाकडी काडीने दोन-तीनदा आत दाबून सोडा, तेलाबरोबर कण निघून जातो. हे प्रेशर सोडल्यावरच करायचं. तरी गळलं तर तो तुकडा बदलायचा. आतली पिन, स्प्रिंग बदलत बसण्यात अर्थ नाही, मी स्वतः आता तो उद्योग सोडलाय.

आट्यांपाशी, कपलिंग पाईपाला किंवा ट्रॅक्टरला जिथे आवळलंय तिथून : वॉशर किंवा आटे. त्याबद्दल पुढे.

सहावं : ओ-रिंग बदलणं

मादीच्या आत बोटाच्या पेरभर खोल एका खाचेत ती असते. काढायला लोक छन्नी, पोकर, तुटलेलं हॅक्सॉ ब्लेड, मिळेल ते घालतात. खाचेला एक ओरखडा पडला की नवी रिंगही गळते, कारण तेल त्या ओरखड्यातून वाट काढतं. आमच्या दुकानात यासाठी बाभळीचे वाळलेले काटे ठेवलेत. काटा रिंगच्या पोटात टोचायचा, थोडा वर उचलायचा, रिंग वाटीतल्या शेवयीसारखी बाहेर येते. काटा मोडतो पण लोखंडाला ओरखडा काढत नाही. बांधावर बाभूळ असतेच, वेगळं हत्यार घ्यायला नको.

जुनी रिंग टाकून देऊ नका, मापाला घेऊन या. ती बघून आजारही कळतो. एका जागी कापलेली असेल तर माती किंवा नराच्या तोंडाला बुर, म्हणजे लोखंडाची उचललेली धार. सगळीकडून चपटी आणि कडक झाली असेल तर उष्णतेने गेली. साधं नायट्राईल रबर शंभर अंशांच्या आसपास थकतं. फुगून लोळा झाली असेल तर कोणीतरी भलतं तेल किंवा थिनर वापरलंय.

काही माद्यांत काळ्या रिंगशेजारी पांढरी टेफलॉनची पातळ रिंगही असते. ती काळ्या रिंगला प्रेशरखाली फटीत घुसू देत नाही. बसवताना काळी आत, पांढरी तोंडाच्या बाजूला. उलटी बसली तर दोन दिवसांत परत याल. 'एक रिंग उरली' असं म्हणत येणारेही असतात. उरलेली नसते ती, राहिलेली असते.

नव्या रिंगला हायड्रोलिक तेलाचं बोट लावा, मग बसवा. नळाच्या किंवा मोटरच्या वॉशरने भागवू नका. माप सारखं दिसलं तरी ते रबर तेलातलं नसतं.

सातवं : खाच आणि छर्रे

आपोआप निसटत असेल तर आधी कपलिंग नव्हे, पाईपाची लांबी बघा. पलटी पूर्ण वर उचला, दोन्ही बाजूंना पलटवा, ट्रॅक्टर थोडा वळवा आणि कोणीतरी लांब उभं राहून बघा की कुठल्या क्षणी पाईप ताणला जातो. ताणला गेला की तोच ओढून कपलिंग सोडवतो. अर्धा फूट लांब पाईप हा त्यावरचा इलाज, नवं कपलिंग नव्हे. लोंबणारा पाईप नांगराच्या हाडाला बांधताना मात्र हलायला जागा ठेवा.

लांबी ठीक असेल तर नराची गोल खाच उजेडात फिरवून बघा. छर्रे ज्या जागी बसतात तिथे डाळीएवढे खळगे पडलेले दिसले तर त्या नराचे दिवस भरले. धक्क्यांनी छर्रे खाचेत रुतत जातात, मग पकड राहत नाही. नख फिरवलं तरी कळतं. मादीतले छर्रे एखादा कमी आहे का तेही मोजा, ते एकसारख्या अंतरावर असतात, रिकामी जागा डोळ्यात भरते.

बदलायचं झालं तर नर आणि मादी जोडीने बदला. झिजलेल्या मादीत नवा नर घातला की तो नवा नरही त्याच चालीने झिजतो. अर्ध्या इंचाची जोडी काही शे रुपयांत येते, नांगरटीचा एक दिवस त्याहून महाग पडतो.

आठवं : जात आणि आटे

जुनं बाहेरून आणलेलं अवजार असेल तर हे बघा. ट्रॅक्टरला आपल्याकडे बहुतेक आयएसओ ७२४१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 'ए' मालिकेचं कपलिंग असतं. त्याच मानकात 'बी' मालिकाही आहे. दोन्ही अर्ध्या इंचाची, लांबून भावंडं दिसतात, पण एकमेकांत बसत नाहीत. ब्रेकर लावलेल्या मशीनवर सपाट तोंडाचं कपलिंग असतं, ते तिसरंच, आयएसओ १६०२८. मादीच्या अंगावर कोरलेलं वाचा. ठोकून बसवलेल्या 'बी' ला मी एकदा ग्राइंडरने तासलेलंही पाहिलंय. त्या भावाला मी चहा पाजला आणि दोन्ही तुकडे भंगारात टाकायला लावले.

आट्यांचा घोळ याहून फसवा. बीएसपी आणि एनपीटी या आट्यांच्या दोन जाती. अर्धा इंच बीएसपी आणि अर्धा इंच एनपीटी, दोन्हीला इंचाला चौदाच आटे. म्हणून एकात दुसरं तीन-चार फेरे छान जातं आणि मग अडतं. बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, एनपीटीचा ६०. कितीही आवळा, गळणारच, आणि जास्त आवळलं तर ट्रॅक्टरच्या बॉडीचे आटे जातील. तिसरा गडी एम २२, दीड मिलिमीटर पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर), तो अर्ध्या इंची बीएसपीपेक्षा जाड असतो, त्यात जातच नाही. हाताने सहज पाच-सहा आटे गेले नाहीत तर पान्हा लावू नका, नमुना घेऊन दुकानात या.

बीएसपीला आट्यांवर नव्हे तर तोंडाशी सील होतं. त्यासाठी डाउटी वॉशर असतो : लोखंडी चकती, आतल्या कडेला रबर. रबर दबून चपटं झालं की बदला. टेफलॉन टेप गुंडाळू नका. टेपचे तुकडे सुटून आत जातात आणि नेमके पिनेखाली किंवा व्हॉल्व्हमध्ये अडकतात. नळ दुरुस्त करणारा आणि हायड्रोलिक दुरुस्त करणारा यांच्या पिशव्या वेगळ्या असतात ते याचसाठी.

नववं : पाईप

कपलिंग दोन्ही बाजूंनी धड, तरी पलटी अर्ध्यात उभी राहते किंवा फार हळू चालते. अशा वेळी पाईपाच्या आतलं रबर सुटून पदर लोंबत असू शकतो. एका दिशेला तेल जातं, दुसऱ्या दिशेला तोच पदर झडपेसारखा आडवा येतो. बाहेरून काहीच दिसत नाही. दोन्ही टोकं सोडून पाईपात फुंकर मारून बघा, दोन्ही बाजूंनी. फरक जाणवला तर पाईप बदला.

बाहेरून फुगवटा, तडे, उघडी पडलेली तार दिसत असेल तर बघत बसू नका, बदला. फुटलेला पाईप मध्ये कापून क्लिपा लावून जोडणारे कारागीर गावोगाव आहेत. पाण्याच्या पाईपाला ते चालतं. ट्रॅक्टरचं हायड्रोलिक दीडशे ते दोनशे बारच्या घरात चालतं, ती क्लिप तिथे बंदुकीच्या गोळीसारखी सुटते.

इथे थांबा

एक. ट्रॉली वर अडकली आणि खाली येईना. तिच्याखाली कपलिंग चाचपायला जाऊ नका, एक हातसुद्धा घालू नका. आधी जाड लाकडी ओंडका किंवा ट्रॉलीचा स्वतःचा टेकू लावा. टेकू लावायलाच ट्रॉलीखाली जावं लागत असेल तर मेकॅनिकला बोलवा. भरलेली ट्रॉली असेल तर टेकूवरही विसंबू नका, क्रेन किंवा दुसरं मशीन आणायला लावा.

दोन. शेजाऱ्याचं अवजारही आपल्या ट्रॅक्टरवर चाललं नाही. मग दोष व्हॉल्व्ह, पंप किंवा रिलीफमध्ये, म्हणजे प्रेशर हद्दीबाहेर गेलं की तेल सोडणाऱ्या झडपेत, आहे. आधी तेलाची पातळी बघा, तेवढं आपलं आपण करावं. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, ट्रॅक्टर चालवू नका. पातळी आणि रंग ठीक असेल तर मेकॅनिक प्रेशरचं घड्याळ लावून बघेल. रिलीफचा स्क्रू स्वतः आवळू नका. पलटी फिरेल कदाचित, पण मग सगळ्यात कच्चा भाग कोणता ते फुटून कळेल. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर काहीही खोलायच्या आधी सर्व्हिसवाल्यांना कळवा.

तीन. कातडीत तेल गेलं. आमच्या एका गिऱ्हाइकाने चालू ट्रॅक्टरवर गळती अंगठ्याने शोधली. बाभळीचा काटा टोचल्यासारखा एक ठिपका, रक्त नाही, दुखणंही फारसं नाही. तो हळद लावून कामाला लागला. रात्री हात कोपरापर्यंत सुजला आणि मग शस्त्रक्रिया. बोट वाचलं, पण आता वाकत नाही. बारीक छिद्रातून सुटलेलं तेल कातडी भेदून आत पसरतं आणि आतलं मांस सडवत जातं. ठिपका दिसला की दुखायची वाट बघू नका, त्याच तासाला सर्जन असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा आणि "जास्त प्रेशरचं हायड्रोलिक तेल आत गेलंय" हे स्पष्ट शब्दांत सांगा. नुसतं 'टोचलं' म्हणालात तर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील.

दुकानात येताना

जुनी रिंग, जुना वॉशर किंवा तुटलेला तुकडा, जे असेल ते पिशवीत घालून आणा. मादीवर कोरलेल्या अक्षरांचा आणि पलटी जोडलेली असतानाचा एकेक फोटो काढा. अदलाबदल केल्यावर कुठली बाजू अडली ते चिठ्ठीवर लिहा. जमलं तर सकाळी दहाच्या आत या. मेमध्ये दुपारनंतर प्रेस मशीनसमोर रांग असते, आणि तोपर्यंत तुमचं कपलिंगही परत तापलेलं असतं.